दोन्हीवर राहिलेला खटका

मला पोहता येत नाही. तरीही तीन वर्षं मी तापीच्या पाण्यावर नोकरी केली. मी मूळचा पिंपळनेरकडचा. आमच्याकडे नदी म्हणजे पांझरा, उन्हाळ्यात चपला हातात घेऊन ओलांडावी अशी. धुळ्याला आयटीआय केलं आणि हायवेवरच्या एका दुकानात ट्रकच्या बॅटऱ्या दुरुस्त करायला लागलो. तिथे नऊ वर्षं काढली. हात कायम ॲसिडनं खरखरीत, पँटीला भोकं. दुकानाचे उस्ताद मला सांगायचे, बॅटरी शेवटपर्यंत बरी दिसते आणि मग एकदम मान टाकते, म्हणून तिची रोज चौकशी करत जा. ट्रकच्या बाबतीत त्या चौकशीचा एवढाच अर्थ होता की गाडी अडली तर ड्रायव्हर शिव्या देईल.

मग एका संस्थेला त्यांच्या दवाखान्याच्या बोटीसाठी माणूस हवा होता. तापीवर बंधारा झाल्यापासून दसऱ्यानंतर दारं टाकली की पाणी मागे पसरायचं. त्या फुगवट्याच्या पलीकडच्या काठावर चार-पाच गावं होती. त्यांना रस्ता होता, पण लांबून आणि काळ्या मातीतून. एक पाऊस पडला की त्या मातीत ट्रॅक्टर रुतायचा, ॲम्ब्युलन्सची तर बातच नको. म्हणून संस्थेनं बोट केली होती. तिच्यावर एक नर्स, आठवड्यातून एकदा डॉक्टर, औषधांचा छोटा फ्रिज, वाफारा द्यायचं यंत्र, हवेतून ऑक्सिजन गाळून देणारं मशीन, आणि हे सगळं चालवायला छतावर सोलरच्या चार पाट्या आणि बाकाखाली दोन बॅटऱ्या. बॅटऱ्या सांभाळायच्या म्हणून मला घेतलं.

बोट चालवायचे ते नाना. साठी उलटलेले, जन्मभर मासेमारी केलेले. पहिल्या दिवशी मी काठावर उभा राहून पाण्याकडे बघत होतो तेव्हा त्यांनी विचारलं, "पोहता येस का?"

मी म्हणालो, "नाही येत."

"मंग तू होडीनं जास्त ध्यान ठेवशी," असं म्हणून त्यांनी मला हात देऊन वर घेतलं. त्यांच्या दृष्टीनं मुलाखत तिथेच संपली.

नर्सला आम्ही सगळे सिस्टर म्हणायचो. माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठ्या, कामाला पक्क्या, बोलायला तोडून. पहिल्या उन्हाळ्यात त्यांचं आणि माझं पंख्यावरून रोज वाजायचं. पत्र्याच्या छताखाली माणसं घामानं निथळत असायची आणि मी ढग आला की पंखा बंद करायचो.

"पेशंटला चक्कर येईल," त्या म्हणायच्या.

"फ्रिज बंद पडला तर इन्शुलिन जाईल," मी म्हणायचो.

मग एक वही केली. सकाळी काठ सोडताना, दुपारी आणि परत आल्यावर मी मीटरवरचा आकडा लिहायचो. बारा पॉइंट सात म्हणजे बॅटरी भरलेली. बारा पॉइंट दोन म्हणजे अर्धी संपली. त्याच्या खाली गेला की मी एकेक गोष्ट बंद करत जायचो: आधी पंखा, मग दिवे, मग मोबाइल चार्जिंगचे सॉकेट. फ्रिज शेवटी. सिस्टरांना हळूहळू त्या आकड्यांची सवय झाली. नंतर नंतर त्या पेशंटचं बीपी लिहिता लिहिता मला विचारायच्या, "आणि तुझ्या पेशंटचं किती?"

दोन बॅटऱ्यांमधली छोटी होती ती इंजिन सुरू करणाऱ्या सेल्फची. मोठी बाकी सगळ्याची. दोघींच्या मध्ये एक गोल खटका. एकवर फिरवला तर छोटी, दोनवर फिरवला तर मोठी, आणि मधोमध "दोन्ही". इंजिन चालू असताना खटका दोन्हीवर ठेवायचा, म्हणजे इंजिन दोघींना भरत राहतं. इंजिन बंद केलं की लगेच दोनवर न्यायचा. मग दिवसभर काहीही चालवा, सेल्फची छोटी बॅटरी शाबूत राहते आणि निघताना इंजिन सुरू होतं. एवढं साधं होतं ते. नाना दोरी बांधायला काठावर उडी मारायचे आणि माझा हात खटक्याकडे जायचा. तीन वर्षांत हे मी किती वेळा केलं असेल ते सांगता येणार नाही. एकदा केलं नाही, तेवढा दिवस मात्र पक्का आठवतो.

तो जानेवारी होता. तीन दिवस आभाळ भरलेलं आणि अवकाळी पाऊस. हरभरा झोपला होता, काठावरच्या केळीची पानं फाटून लोंबत होती. सकाळी मीटरवर बारा पॉइंट तीन होतं, कारण तीन दिवसांत पाट्यांना ऊन दिसलं नव्हतं. मी सिस्टरांना म्हणालो, "आज सांभाळून."

त्या म्हणाल्या, "आज गर्दी असणार. तिकडे खांब पडलाय, तीन दिवस लाईट नाही."

गर्दी होतीच. बोट पलीकडच्या गावाला लागायच्या आधीच लोक चिखलात उभे होते. धक्का म्हणजे नुसती दगडांची उतरंड, ती पावसानं निसरडी झालेली. नानांनी इंजिन बंद केलं आणि उडी मारली, त्यांचा पाय सरकला. मी धावत पुढे गेलो, त्यांना सावरलं, दोरी मीच बांधली. तेवढ्यात एक म्हातारी बोटीवर चढू लागली, तिला हात दिला. तिच्यामागे दोन बाया लेकरं घेऊन. मग मोबाइल आले. हातात, पिशवीत, पदरात बांधलेले मोबाइल आणि चार्जर. तीन दिवस कुणाचं कुणाशी बोलणं झालं नव्हतं. एका बाईची मुलगी बाळंतपणासाठी अडावदला होती, तिला फक्त दहा मिनिटं हवी होती. मी सॉकेटचा बोर्ड काढून दिला. त्यात फवारणीच्या पंपाच्या बॅटऱ्यासुद्धा दोघांनी लावल्या. पाऊस थांबला की हरभऱ्यावर औषध मारायचं होतं. मी नाही म्हणू शकलो असतो. पण माणसं ओली होती, दमलेली होती, आणि माझ्याकडे तेवढीच एक गोष्ट द्यायला होती. ती देताना बरं वाटत होतं, हेही खरं.

दिवसभर वाफाऱ्याचं यंत्र चाललं. सर्दी-खोकल्याची पोरं होती, दम्याची म्हातारी माणसं होती. मी दुपारी मीटर बघितलं नाही. वहीत त्या दिवशीची दुपारची जागा कोरी आहे.

तीनच्या सुमाराला गावातून बाजेवर एका बाईला आणलं. पन्नाशीच्या असतील. चार जणांनी बाज धरलेली आणि त्यांचा नवरा चिखलात बाजूनं चालत त्यांच्या डोक्यावर प्लास्टिकची पिशवी धरून होता. बाई पूर्वी वीस वर्षं जिनिंगमध्ये कामाला होत्या. कापसाची ती बारीक धूळ छातीत बसलेली. सिस्टर त्यांना ओळखत होत्या, दर महिन्याला औषध द्यायच्या. पण त्या दिवशी त्यांचे ओठ निळसर झाले होते आणि प्रत्येक श्वासाला गळ्याखाली खड्डा पडत होता.

सिस्टरांनी बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. एक्क्याऐंशी. "मशीन लाव," त्या म्हणाल्या. मी ऑक्सिजनचं मशीन सुरू केलं. नाकात नळी घातली. दहा मिनिटांत आकडा नव्वदवर आला. बाईंनी डोळे उघडून नवऱ्याकडे बघितलं.

सिस्टरांनी डॉक्टरांना फोन लावला, मग ॲम्ब्युलन्सला. आमच्या काठावरच्या घाटावर ॲम्ब्युलन्स उभी राहील, तिथून धुळ्याला. आमच्या बोटीनं घाट पाऊण तासावर. नवरा बरोबर आला, बाकीच्यांना उतरवलं. मी मोबाइल आणि पंपाच्या बॅटऱ्या परत दिल्या. इंजिन सुरू करताना सेल्फ जरा रेंगाळला. घुं-घुं करत दोनदा अडखळला आणि मग लागला. माझ्या कानाला ते कळलं होतं. मी स्वतःला सांगितलं, थंडी आहे.

नवरा बाकावर पत्नीच्या पायाशी बसला होता. मशीनच्या गुरगुरण्याकडे त्यांचं लक्ष होतं. त्यांनी मला विचारलं, "हाई मशीन बंद नही पडी ना, भाऊ?"

"नाही पडणार," मी म्हणालो.

पंधरा-वीस मिनिटं गेली असतील. पावसानं वरून जलपर्णी वाहून आली होती. सकाळी जाताना मोकळं असलेलं पाणी आता हिरवंगार दिसत होतं. नाना वळसा घेत होते, पण एका ठिकाणी ती इंजिनाच्या पाण्याखालच्या पंख्यात गुंतली. इंजिनाचा आवाज बदलला. नानांनी ते लगेच बंद केलं, नाहीतर पंखा मोडला असता. ते मागून वाकून कोयत्यानं जलपर्णी कापायला लागले. मी त्यांचे पाय धरून बसलो. मशीन चालूच होतं. पाच-सात मिनिटांत पंखा मोकळा झाला.

"लाव आते," नाना म्हणाले.

मी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्.

ट्रकच्या दुकानात तो आवाज मी हजार वेळा ऐकला होता. मी मीटर बघितलं. अकरा पॉइंट चार. मग खटक्याकडे बघितलं. तो दोन्हीवर होता.

सकाळी नानांचा पाय सरकला तेव्हा खटका फिरवायचा राहिला होता, आणि निघताना तो दोनवरून दोन्हीवर आणावा लागला नाही हेही माझ्या लक्षात आलं नव्हतं. दिवसभर सगळे मोबाइल, सगळे पंप, वाफारा, फ्रिज, आणि आता ऑक्सिजन दोन्ही बॅटऱ्यांमधून गेले होते. वीस मिनिटांच्या इंजिनानं त्यांत पडलेलं ते थोडंसं, तेही मशीननं खाल्लं होतं. पाण्याची भीती मला रोज वाटायची, पण ही निराळी होती. बाहेर चारी बाजूंना हिरवं पाणी आणि कुठे माणूस नाही.

"काय व्हयनं?" नानांनी विचारलं.

"बॅटरी उतरलीय."

खटक्याचं मी बोललो नाही.

सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. "मशीन किती वेळ चालेल?" एवढंच विचारलं.

"चाललं तर वीस मिनिटं. पण मग इंजिन लागणारच नाही."

"आणि बंद केलं तर?"

"सगळं बंद केलं आणि बॅटरीला थोडा विसावा दिला तर एखादा झटका मिळेल. नक्की नाही सांगत."

घाट अजून लांब होता. नाना म्हणाले, "वल्ह्यावर दोन घंटा लागतीन." जवळचा काठ दिसत होता, पण तिथे उभी दरड आणि चिखल. बाईंना तिथे उतरवून करायचं काय? फोनला रेंज एक काडी, ती येत-जात होती. ॲम्ब्युलन्सवाला घाटावर पोचला होता, तो विचारत होता कुठे आहात.

सिस्टरांकडे एक छोटा सिलिंडर होता. काटा लाल भागाला टेकलेला. त्या म्हणाल्या, "प्रवाह कमी ठेवला तर वीस मिनिटं निघतील. त्यापुढे नाही." मग त्या बाईंच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "ताई, मशीन थोडा वेळ बंद करतोय. सिलिंडर लावते. श्वास हळू घ्या, बोलू नका." बाईंनी मान हलवली. त्यांच्या नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं. थोड्या वेळापूर्वी मी त्यांना शब्द दिला होता.

मी मशीन बंद केलं. त्याचं गुरगुरणं थांबल्यावर जी शांतता झाली तशी शांतता मला आयुष्यात नको. फ्रिज बंद केला. दिवे, बोटीच्या तळातलं पाणी उपसायचा पंप, मीटरचा दिवासुद्धा. खटका एकवर आणला, म्हणजे छोटी बॅटरी एकटी झाली. सोलरची वायर मोठ्या बॅटरीवरून काढून छोटीवर लावली. आभाळातून जेवढं काही उजेडासारखं येत होतं ते तिला मिळावं म्हणून. टर्मिनल काढून चाकूनं खरवडले, पुन्हा आवळले. पाना हातातून दोनदा पडला. बॅटरी गार होती. मी अंगातला स्वेटर काढून तिच्याभोवती गुंडाळला. त्यानं काही होतं की नाही मला माहीत नव्हतं, पण हाताला काम हवं होतं.

नाना आणि तो नवरा एकेक वल्हं घेऊन बोट जलपर्णीतून बाहेर काढत होते. सिस्टर बाईंचा हात धरून आकडे सांगत होत्या. अठ्ठ्याऐंशी. शहाऐंशी. शहाऐंशी. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मी विचारलं नाही.

पंधरा मिनिटं झाली. मी मीटर एक क्षण लावून बघितलं. अकरा पॉइंट नऊ. एक प्रयत्न होईल, फार तर दीड. आणि तो फुकट गेला तर पुन्हा विसावा द्यायला सिलिंडर उरणार नव्हता.

नवरा वल्हं खाली ठेवून माझ्याजवळ आला. इंजिनाकडे वाकून बघायला लागला. मग म्हणाला, "आमना मयामा तेलनं इंजिन व्हतं. याले दाब सोडानी दांडी शे का?"

मला एकदम कळलं नाही. मग कळलं. विहिरीवरच्या जुन्या इंजिनाला वर एक छोटी दांडी असते, ती उचलली की आतली दाबलेली हवा सुटते आणि चाक हलकं फिरतं. चाकानं वेग घेतला की दांडी सोडायची, मग इंजिन पेटतं. आमच्या इंजिनालाही ती होती. हँडल नव्हतं, त्यामुळे तीन वर्षांत त्या दांडीला मी कधी हात लावून बघितला नव्हता. चावी फिरवली की इंजिन लागायचं, मग बघायचं कशाला?

"आहे," मी म्हणालो.

"दोरी शे का?"

नानांनी नांगराची पातळ दोरी काढून दिली. त्या माणसानं ती इंजिनाच्या पुढच्या चाकावर तीन वेढे देऊन गुंडाळली. हात सराईत होते. शेतात हे त्यांनी रोज केलं असणार. मी दांडी उचलून धरली. नाना चावीशी बसले. सिस्टर बाईंच्या अंगावर ओणव्या झाल्या, दोरी सुटून लागू नये म्हणून. ठरलं असं की मी म्हणेन तेव्हा नाना चावी फिरवतील, त्याच क्षणी हे दोरी ओढतील, आणि चाकाचा आवाज चढला की मी दांडी सोडेन.

"आता," मी म्हणालो.

चाक फिरलं. हलकं झाल्यामुळे सेल्फनं ते ओढलं, आणि त्यांनी दोरी अशी खेचली की ते स्वतः मागच्या बाकावर आपटले. घुर्र करून आवाज चढला. मी एक क्षण जास्त थांबलो. भीतीनं हात सुटेना. मग दांडी सोडली. इंजिन एकदा खोकलं, दोनदा खोकलं, काळा धूर निघाला, आणि लागलं.

नानांनी वेग दिला. मी खटका दोन्हीवर नेला, ऑक्सिजनचं मशीन लावलं. इंजिन भरत होतं तेवढ्यावर ते चाललं. सिलिंडर रिकामा झाला होता. सिस्टरांनी नळी बदलली आणि आकडा बघितला. मग मला म्हणाल्या, "एकोणऐंशी होता मघाशी. सांगितलं नाही."

घाटावर पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. ॲम्ब्युलन्सवाल्यांनी बाईंना उचललं. त्यांचा नवरा चढताना थांबला, मागे आला आणि माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांच्या तळव्याला दोरीनं सालटं गेली होती, रक्त आलं होतं. ते म्हणाले, "तुमनामुये वाचनी." मी मान हलवली.

बोट बांधून झाल्यावर सिस्टरांना खटक्याचं सांगितलं. नाना ऐकत होते. सिस्टरांनी रजिस्टर मांडीवर घेतलं. मग म्हणाल्या, "मी रजिस्टरमध्ये काय लिहू?"

"जे झालं ते लिहा."

त्यांनी लिहिलं. संस्थेनं मला बोलावून विचारलं, समज दिली आणि कामावर ठेवलं. खटक्याजवळ एक शिट्टी बसवली. इंजिन बंद असताना खटका दोन्हीवर राहिला तर ती वाजते. दुसरा मोठा सिलिंडर आला. नानांनी लोहाराकडून इंजिनाला हँडल करून घेतलं. आणि मी बोटीवरचं मोबाइल चार्जिंग कायमचं बंद केलं.

त्याचा परिणाम माझ्या लक्षात यायला दोन महिने गेले. गर्दी कमी झाली. ज्या बाया मोबाइल लावायला यायच्या आणि तो चार्ज होईपर्यंत बसून असायच्या, त्या येईनाशा झाल्या. त्या बसलेल्या असताना सिस्टर त्यांचं बीपी बघायच्या, गोळ्या संपल्यात का विचारायच्या. एका बाईचा गाठीचा आजार असाच गप्पांत सापडला होता. एका दुपारी रिकाम्या बाकांकडे बघत सिस्टर म्हणाल्या, "तू बॅटरी वाचवलीस. माणसं कमी झाली."

मला राग आला. मी म्हणालो, "पुन्हा तसं झालं तर?"

"होईल. काहीतरी होईलच. पण मग दार लावून बसायचं का?"

आम्ही दोन दिवस नीट बोललो नाही. शेवटी ऊन असेल आणि मीटर साडेबाराच्या वर असेल तर मोबाइल घ्यायचे, पंप नाही, असं ठरलं. मीटर मी लोकांना दिसेल असं समोर लावलं. आकडा खाली आला की बाया आपणहून चार्जर काढायला लागल्या. तरी ढगाळ दिवशी कुणाला नाही म्हणताना माझ्या तोंडून शब्द चटकन निघत नसे.

त्या बाई वाचल्या. धुळ्याला पंधरा दिवस होत्या. पण घरी रोज ऑक्सिजन लागणार असं डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांच्या गावात लाईटचा भरवसा नव्हता. म्हणून दोघं पारोळ्याला मुलीकडे राहायला गेले. शेत वाट्यानं दिलं. तिकडे लाईट गेली तर मशीन चालावं म्हणून इन्व्हर्टर बसवायचा होता. त्यांनी सिस्टरांना फोन करून माझा नंबर घेतला. "त्या बॅटरीवाल्या भाऊले धाडा," असं सांगितलं म्हणे.

मी रविवारी गेलो. किल्ल्याच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांचं घर. बाई खुर्चीवर बसल्या होत्या, नाकात नळी, मांडीवर निवडायचे तांदूळ. मी तीन तास काम केलं. बॅटरी बसवली, फक्त मशीन आणि एक दिवा यांचीच वायर तिला जोडली, बाकी घराची नाही. मुलीला समजावून सांगितलं की टीव्ही याच्यावर लावायचा नाही, कुणी पाहुणा आला तरी त्याचा मोबाइल नाही. सांगताना माझा आवाज चढला असावा, कारण ती जरा दचकली.

काम संपल्यावर तिचे वडील माझ्याशेजारी येऊन बसले. त्यांच्या तळव्यावर पांढरा वळ दिसत होता. मी वायरचे तुकडे गोळा करता करता त्यांना सगळं सांगितलं. खटका, मोबाइल, पंपाच्या बॅटऱ्या, कोरी राहिलेली वही. काही लपवलं नाही.

सांगून झाल्यावर त्यांनी दाराबाहेर बघितलं. मग म्हणाले की त्याच दिवशी घाटावर मी हे सांगितलं असतं तर त्यांनी माझ्यावर हात उचलला असता.

"आणि आता?" मी विचारलं.

ते उठून आत गेले. मला वाटलं, आता मला जायला सांगतील. आतून कपबशीचा आवाज आला. तांदळातला खडा काढून बाजूला ठेवत बाईंनी मला विचारलं, "आते हाई कितला घंटा चाली?"

"चार तास. त्यापुढे नाही," मी म्हणालो. "त्याच्या आत लाईट आली नाही तर दवाखान्यात न्यायचं. वाट बघायची नाही."

त्यांनी मान हलवली. चहा आला. तो मी प्यायलो. त्यांचा नवरा समोर बसून माझ्याकडे न बघता आपला चहा पीत होता. निघताना त्यांनी मला एसटी स्टँडपर्यंत सोडलं. गाडी आली तेव्हा म्हणाले, "येत जा."

मी गेल्या वर्षी ती नोकरी सोडली. धुळ्यात स्वतःचं छोटं दुकान टाकलं. पारोळ्याला दर तीन महिन्यांनी जातो, बॅटरीत पाणी घालतो, टर्मिनल बघतो. पावसाळ्यात त्यांचा फोन येतो, बहुतेक वेळा नुसती चौकशी असते. फोनवर त्यांचा नंबर दिसला की मी हातातलं काम टाकून उभा राहतो. अजूनही.